मेथी कोण निवडणार?

आमच्या लहानपणी संध्याकाळचा स्वयंपाक संध्याकाळी सुरू होत नसे. दुपारची भांडी घासून झाली की त्याला हात लागे, काही वेळा तर आदल्या रात्रीच. आम्हाला मात्र तो दिसत नसे. शाळेतून यावं तर मटकीला मोड आलेले, ताटलीत खोबरं खवलेलं, कणीक ओल्या फडक्याखाली मुरत पडलेली. घराला जशा भिंती असतात तशा या गोष्टी असतातच, अशी आमची समजूत होती. त्या कोणीतरी करतं, हे कळायला आम्हाला आमचं स्वतःचं स्वयंपाकघर मांडावं लागलं.

आता आम्ही रविवारी सकाळी आठवड्याच्या तयारीला बसतो. बसतो कसले, ओट्याशी उभे राहतो. आलं-लसणाचं वाटण एका बाटलीत, चिंचेचा कोळ दुसऱ्या. कांदा-खोबरं भाजून, वाटून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवायचं. एका उसळीला दोन वड्या पुरतात. कोथिंबीर न धुता, कोरडी, कागदात गुंडाळून डब्यात. दाणे भाजून कूट. एवढं झालं की मंगळवारी रात्री आठला दमून घरी आलं तरी अर्ध्या तासात पानं घेता येतात. ही व्यवस्था उत्तम आहे, हे आधीच सांगून टाकतो. कारण पुढे आमचा सूर हळवा होणार आहे आणि त्या सुरावर आमचा स्वतःचाच फारसा विश्वास नाही.

दुपारी तीनच्या सुमारास मेथीची जुडी सोडली जाई. कालचं वर्तमानपत्र अंथरायचं. मुळं आणि जून देठं एकीकडे, पानं परातीत. शेजारच्या काकू त्यांची गवार घेऊन आमच्याकडेच येत, कारण एकटीनं गवार मोडत बसणं म्हणजे शिक्षा. रेडिओवरचं ‘वनिता मंडळ’ तोवर संपलेलं असे, म्हणजे बोलायला मोकळीक. निवडताना नजर पानांवर असते, समोरच्याच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, आणि म्हणून समोरासमोर कधी बोलता न येणाऱ्या गोष्टी तिथे बोलल्या जात. कोणाच्या सासरचं दुखणं, कोणाचं मोडलेलं लग्न, कोणाला महिनाअखेरीला हवे असलेले पन्नास रुपये. मध्येच एखादं वाक्य अर्धवट तुटे आणि ‘तू बाहेर खेळायला जा बरं’ असा हुकूम येई. त्यावरून बातमीचं वजन कळायचं.

पण खरं बोलायचं तर ही मैफल आम्ही बाहेरूनच ऐकली. घरातल्या मुलींना शेंगा मोडायला बसवत. मुलांना कोणी बसवलं नाही आणि मुलांनीही हट्ट धरला नाही. वडिलांचा त्यातला वाटा म्हणजे वर्तमानपत्र वाचून मोकळं करणं. ढीगभर मेथी निवडायची, तीन पाण्यांतून माती काढायची, आणि शिजल्यावर कढईत उरायची ती मूठभर. नळाला पाणी दोनच तास असेल तर ती तीन पाणीही आधी भरून ठेवलेल्या बादलीतली. ती फुरसत होती असं आज आम्ही म्हणतो. जिला दुसरीकडे कुठे जायची मुभाच नव्हती, तिच्या वेळेला फुरसत म्हणावं का, हा प्रश्न आहे.

आज निवडलेली मेथी पाकिटातून येते, फोनवर मागवली की पाचदहा मिनिटांत दारात. सोललेला लसूण येतो, मोड आलेले मूग येतात, खवलेलं खोबरं येतं. कुठेतरी कोणीतरी ती मेथी निवडलेलीच असते. तिथे गप्पा चालतात की नाही, हे पाकिटावर छापलेलं नसतं.

आठवड्याचं नियोजन करावं, हे आता व्हिडिओ बघून शिकतात. आमच्या गावात ते आठवडी बाजारच करून टाकी. बाजाराच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी पालेभाजी, कारण ती टिकत नाही. मग वांगी, दोडकी, गवार. मग कोबी, दुधी, लाल भोपळा. टोपली रिकामी होऊ लागली की बटाटा, मग उसळ, आणि बाजाराच्या आदल्या दिवशी हमखास पिठलं. लवकर नासणारं आधी संपवा, हा आजच्या सल्लागारांचा पहिला नियम. आमच्याकडे तो नियम म्हणून कोणी सांगितला नाही. पिठलं दिसलं की उद्या बाजार, एवढंच आम्हाला ठाऊक. ज्यांना दोडका आवडत नसे त्यांच्यासाठी दुसरी भाजी मात्र नव्हती. आज आहे. आज एका घरात एका वेळी तीन भाज्या तीन डब्यांतून निघतात आणि तीन माणसं तीन वेळांना जेवतात.

मटकीचं मात्र जुनं गणित अजून बदललेलं नाही. सकाळी भिजत घाला, रात्री उपसून फडक्यात बांधा, मोड परवाच्या उसळीला. उन्हाळ्यात ती घाई करते, थंडीत हटून बसते. तेव्हा पुरचुंडी चुलीच्या उबेला ठेवत, आम्ही दिवा लावलेल्या ओव्हनमध्ये ठेवतो. मोड फ्रिजमध्ये गेले की त्यांची वाढ मंदावते, म्हणून रविवारची मटकी बुधवारीही चालते. हा आमचा एक निखळ फायदा.

फ्रिजनं सगळ्यात मोठा बदल केला तो शिळ्या अन्नाच्या भीतीत. गोदरेजचे फ्रिज 1958पासून देशात बनू लागले, पण आमच्या आळीत पहिला फ्रिज यायला पुढची वीसएक वर्षं जावी लागली, आणि आल्यावरही त्यात बर्फ नि शेजाऱ्यांचं दूध यांखेरीज काही नसे. आजीच्या लेखी शिजवलेलं अन्न त्याच दिवशी संपलं पाहिजे. रात्रीचा उरलेला भात सकाळी फोडणीला, उरलेल्या पोळीचा कुस्करा. त्यापुढे माफी नाही. आम्ही त्याला कर्मठपणा म्हणायचो. पण भात उकळला तरी त्यातल्या काही जिवाणूंची बीजं मरत नाहीत आणि उबेत भात तासन् तास राहिला की ती वाढतात. आजीला जिवाणू माहीत नव्हते, उलट्या झालेली नातवंडं माहीत होती. तरी रोज ताजं हवं या आग्रहापायी चुलीशी दोनदा कोण बसत होतं, तेही आम्ही पाहिलंय. आमच्या रविवारच्या भाज्या गुरुवारी खाताना आजी आठवते. आम्ही डबा उघडतो, वास घेतो आणि खातो.

लांबच्या पल्ल्याची तयारी तर वेगळीच. उन्हाळ्यात गोडा मसाला, भाजणी, मेतकूट, सांडगे. मसाल्याच्या दिवशी दगडफूल, नागकेशर, तीळ, खोबरं भाजल्याचा वास गल्लीच्या टोकापर्यंत जाई, आणि शिंकाही. मेतकूट तेव्हाच्या झटपट जेवणाचा राजा: दिवेलागणीला पाहुणे आले, कोणाला ताप आला, कोणी उशिरा परतलं, की मऊ भात, तूप, मेतकूट. आजच्या गोठवलेल्या वड्यांनाही ही बरोबरी अजून साधलेली नाही, असं आमचं पक्षपाती मत. ही सगळी प्रमाणं मुठीत आणि चिमटीत असत. 1970मध्ये कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ आलं आणि वाटी-चमच्याचं माप घरोघर पोचलं. ज्यांना आईची मूठ मिळाली नाही, त्यांची त्या पुस्तकानं मोठी सोय केली. मूठ सोबत नेता येत नाही. पुस्तक पिशवीत घालून परगावच्या नोकरीवर नेता येतं.

आमच्या रविवारी कांदे चिरायला नवरे असतात. डोळे पुसत, तक्रारी करत, पण असतात. कानात गाणी असतात, त्यामुळे बोलणं कमी. मोबाइलवर घड्याळ लावलेलं असतं, तासाभरात उरकायचं असतं. मुलगा लसूण सोलतो, आणि पाकळ्या गरम पाण्यात भिजवल्या की सालं पटकन सुटतात हे तोच आम्हाला सांगतो. पूर्वीच्या दुपारी यातलं काही शक्य नव्हतं. तरी त्या दुपारीच बरं वाटतं, यामागे आपण तेव्हा फक्त जेवणारे होतो हे एक कारण असावं.

सोललेल्या लसणाचं पाकीट पहिल्यांदा घरात आलं तेव्हा आई काय म्हणेल याची आम्हाला धास्ती होती. तिनं ते उलटंसुलटं करून पाहिलं, एक पाकळी हुंगली, ‘वासाला जरा कमी आहे’ म्हणाली. मग किंमत विचारली. आम्ही सांगितली, थोडी कमी करूनच. ‘बरं मग पुढच्या वेळी दोन आण,’ आई म्हणाली, ‘आणि ती मेथीसुद्धा.’