देवरीहून कचारगड : डोंगरमाथ्यावरचा एक दिवस

देवरी म्हटले की बाहेरच्या माणसाला आठवतो तो महामार्ग. पूर्वी त्याचा क्रमांक ६ होता, आता ५३ आहे. रात्रंदिवस ट्रक धावतात, ढाब्यावर चहा पितात आणि रायपूर नाहीतर नागपूरकडे निघून जातात. पण आमच्या वस्तीतल्या माणसांनी आजूबाजूचे डोंगर रस्त्यावरून पाहिलेले नाहीत. त्यांनी ते पायांनी पाहिले आहेत. तेंदूपत्ता तोडायला, मोहफुले वेचायला, सरपणाची मोळी आणायला आमच्या आया-मावश्या वर्षानुवर्षे चढल्या आणि उतरल्या. मात्र डोंगर चढून वर बसावे आणि नुसते खाली पाहावे, असा दिवस त्यांच्या वाट्याला कधी आला नव्हता.

म्हणून यंदा माघ पौर्णिमेची जत्रा आटोपल्यावर वस्तीतल्या चार घरांनी मिळून कचारगडला जायचे ठरवले. लेकरेबाळे धरून आम्ही सतरा जण. वर्गणी काढून गाडी ठरवली. "पैसे खर्चून डोंगर चढायला कोण जातं गा?" असे शेजारची माणसे म्हणालीच. असो.

कचारगड आपल्याच गोंदिया जिल्ह्यात, सालेकसा तालुक्यात आहे. देवरीहून आमगाव, तेथून सालेकसा आणि पुढे दरेकसा. ज्यांना गाडी परवडत नाही त्यांनी आमगावहून रेल्वे धरावी, पण दरेकशाला थांबणारी गाडी कोणती ते आधी विचारून घ्यावे. हा मार्ग जुना आहे. नागपूर ते राजनांदगाव ही लहान गेजची रेल्वे १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला सुरू झाली, पुढे बंगाल नागपूर रेल्वेने ती मोठी केली. दरेकशाजवळ डोंगर आडवा आला, तेथे बोगदा आहे. तो बोगदा कोणाच्या हातांनी खोदला असेल, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

डोंगराच्या पायथ्याशी धनेगाव हे लहानसे गाव. येथूनच पायवाट सुरू होते. एका अंगणात पाणी मागितले. घरातले म्हातारे बाबा बाहेर आले, गळ्यात पिवळा दुपट्टा. आम्ही "जयभीम" म्हणालो, त्यांनी हात जोडून "जय सेवा" म्हटले. मग त्यांनीच विचारले, "फिरायला आले का पेनठाण्याला आले?" आमच्यातल्या पोरांना पेनठाणा म्हणजे काय ते कळेना. बाबा म्हणाले, "आमच्या देवाची जागा. पाहायला या, पण गुहेत जोडे काढा, आरडाओरडा करू नका." एवढेच त्यांचे म्हणणे होते. आम्ही ते पाळले.

कचारगड हे गोंड समाजाचे मोठे श्रद्धास्थान आहे. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून लाखो माणसे माघ पौर्णिमेला येथे येतात. आज एवढी मोठी दिसणारी ही यात्रा १९८० च्या दशकात मोजक्या माणसांनी सुरू केली. नागपूरचे गोंडी भाषेचे अभ्यासक डॉ. मोतीरावण कंगाली (१९४९–२०१५) त्यांत होते. आपला इतिहास आपणच शोधायचा, दुसऱ्याने लिहून देण्याची वाट पाहायची नाही, हे त्यांनी करून दाखवले. आपल्या समाजाला ही गोष्ट ओळखीची वाटेल.

गोंड बांधव सांगतात ती कथा अशी. कली कंकालीची तेहतीस लेकरे या गुहेत कोंडली गेली होती. दारावर प्रचंड शिळा. त्यांना सोडवायला पहांदी पारी कुपार लिंगो आले, सोबत वाद्य वाजवणारा हिरासुका पाटालीर होता. त्याच्या सुरांनी लेकरांच्या अंगात बळ आले आणि सगळ्यांनी मिळून शिळा लोटली. लेकरे सुटली, पण वाजवणारा त्या शिळेखाली सापडून गेला. पुढे जंगो रायताडने लेकरांना आईसारखे सांभाळले. वाटेत ही कथा सांगितली तेव्हा आमची सात वर्षांची पोर एवढेच म्हणाली, "मग तो बाजूला का नाही झाला?" कोणालाच उत्तर सुचले नाही.

चढ सुरुवातीला सोपा आहे. साग, धावडा, तेंदू आणि बांबूतून वाट जाते, फाल्गुन लागत असल्याने पळस पेटलेला. नंतर खडक सुरू होतो. उभा चढ, पायाखाली घसरडी खडी. आम्ही दर वीस पावलांवर थांबत होतो. पोरे पुढे पळायची आणि दमून बसायची. आमच्या साठीच्या मावशी मात्र एका चालीने चढत होत्या. वाकून, पाऊल आडवे टाकून, श्वास मोजून. "डोक्यावर गठ्ठा नाही तं पाय उचलतेच बाई," असे म्हणून त्या हसल्या. कॉलेजात जाणाऱ्या मुलांना चढायचे कसे ते त्यांनीच शिकवले.

मोठ्या गुहेच्या तोंडाशी पोचलो तेव्हा सगळेच गप्प झाले. आत शिरले की अंगावर गारवा येतो. वर छताला भोक आहे, त्यातून उजेडाचा झोत खाली पडतो. आम्ही जोडे बाहेर ठेवले, थोडा वेळ बसलो. येथे धूर करू नये, दगड फेकू नये. अशा कड्यांना आग्या मोहळ असते, आणि ते उठले तर पळायला जागा नाही.

गुहेच्या अंगाने वर चढून आम्ही उंचावरच्या खडकावर गेलो. तेथून जे दिसते त्यासाठीच एवढी चाल. पूर्वेला मैकलच्या रांगा, एकामागे एक, शेवटची तर धुरासारखी. त्या बाजूला छत्तीसगड. पश्चिमेला खाली धानाच्या बांध्या, कापणी झालेल्या, पिवळसर. मधे मधे तलाव चकाकत होते. झाडांआडून मालगाडीची शिटी आली. या डोंगरांत वर्षानुवर्षे नक्षलवादाची भीती होती, साधा माणूस कामाशिवाय इकडे फिरकत नसे. आज आपली लेकरे येथे उभी राहून बोट दाखवत होती, "ते कोणतं गाव? ते कोणतं?"

मावशी खडकाच्या कडेला बसून बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "ह्या सगळ्या रानात मी पत्ता तोडला. खालून कधी कळलंच नाही का एवढं मोठं हाय." भाकरी, ठेसा, चटणी, चिवडा सोडला. त्यांनी पहिला घास हातात धरला आणि पुन्हा तिकडेच पाहिले. आम्ही कोणी घाई केली नाही.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. पाणी खालूनच न्यावे, माणशी दोन बाटल्या तरी. पावसाळ्यात खडक निसरडा होतो, तेव्हा लेकरांना घेऊन वर जाऊ नये. त्या दिवसांत जवळचा हाजरा फॉल दुरून पाहावा. रबरी चपलेने चढू नका. कागद-पिशव्या परत आणा. आणि धनेगावात कोणाशी चार शब्द बोलल्याशिवाय वर जाऊ नका.

उतरताना गुडघे कापतात, चढण्यापेक्षा उतरणे अवघड. खाली आलो तेव्हा बाबा अंगणातच होते. "किती जण गेले, किती आले?" त्यांनी विचारले. सतरा गेलो, सतरा आलो, आम्ही सांगितले. त्यांनी एकेक डोके मोजून खात्री करून घेतली, मगच गाडीकडे जाऊ दिले.