गुन्हा कधी सुरू होतो?

मित्रांनो, चोर-पोलिसांचे सिनेमे तुम्हाला आवडतात ना? मलाही आवडतात. पाठलाग, बंदुका आणि शेवटी हातकड्या! पण आज मी तुम्हाला अशा एका दिग्दर्शकाबद्दल सांगणार आहे, ज्यांच्या सिनेमातला गुन्हा करणारा माणूस पुष्कळदा गुन्हेगार वाटतच नाही. तो वाटतो आपल्या शेजारचे काकाच! संध्याकाळी भाजीची पिशवी घेऊन घरी येणारे.

या दिग्दर्शकांचं नाव निशिकांत कामत. त्यांचा जन्म १७ जून १९७० रोजी मुंबईत दादरला झाला. त्यांचा ‘डोंबिवली फास्ट’ हा मराठी सिनेमा २००५ साली आला. मी राहतो पेण तालुक्यातल्या जिते गावात. दिवा-रोहा मार्गावर आमचं छोटंसं स्टेशन आहे. पेणच्या बाजूला निघालं की पुढचं स्टेशन हमरापूर, गणपतीच्या कारखान्यांचं. उलट दिशेला गेलं की शेवटी दिवा. तिथे गाडी बदलली की कोपर आणि मग डोंबिवली! त्यामुळे सिनेमाचं नाव वाचूनच मला तो आपल्या घरचा वाटला.

यातले माधव आपटे बँकेत नोकरी करतात. संदीप कुलकर्णी यांनी ते काम फार छान केलं आहे. रोज तीच धावपळ, तीच लोकलमधली चेंगराचेंगरी. आपटे प्रामाणिक आहेत, आणि तोच जणू त्यांचा त्रास! शीतपेयाच्या बाटलीवर छापलेल्या किमतीपेक्षा जास्त पैसे का द्यायचे, असं ते विचारतात. बाकीचे म्हणतात, ‘जाऊ द्या हो!’ एक दिवस मात्र त्यांचं डोकं फिरतं. ते क्रिकेटची बॅट उचलतात आणि शहरभर चुकीची कामं करणाऱ्यांना झोडपत सुटतात.

पहिल्या फटक्याला आपल्यालाही बरं वाटतं, खोटं कशाला बोला! पण पुढे पुढे पोटात गोळा येतो. प्रत्येकानेच बॅट उचलली तर? मला जो चुकीचा वाटतो, त्याला मी मारायचं, आणि त्याला मी चुकीचा वाटलो की त्याने मला? दिग्दर्शक आपट्यांवर प्रेम करतो, पण त्यांना जिंकू देत नाही. या सिनेमाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे २००७ साली कामतांनीच आर. माधवनला घेऊन तो तमिळमध्ये केला.

११ जुलै २००६ रोजी मुंबईत पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांमध्ये सात बॉम्बस्फोट झाले. त्यानंतरच्या मुंबईवर कामतांनी ‘मुंबई मेरी जान’ (२००८) केला. त्यात इरफान खान सायकलवरून कॉफी विकणारा गरीब माणूस झाला आहे. एका मॉलमध्ये बायको-मुलीसमोर त्याचा अपमान होतो. राग काढायला तो मॉलला फोन करून ‘बॉम्ब ठेवलाय’ म्हणून खोटंच सांगतो. लोक जीव घेऊन पळतात आणि त्याला मजा वाटते. पण अशाच एका पळापळीत एक म्हातारे गृहस्थ कोसळतात, तेव्हा त्याची मजा संपते. एक फोन, बस्स! हातात ना चाकू, ना बंदूक. तरी तो गुन्हाच की नाही?

२०१५ साली आलेला ‘दृश्यम’ तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी पाहिलेला असेल. मूळ गोष्ट जीतू जोसेफ यांच्या २०१३ च्या मल्याळम सिनेमाची. कामतांच्या हिंदी सिनेमात ती गोव्यात घडते. जेमतेम चौथी शिकलेला, सिनेमावेडा केबलवाला आपल्या घराला वाचवायला धडपडतो. समोर पोलीस अधिकारी असलेली एक आई आपला हरवलेला मुलगा शोधते आहे. आपण नक्की कोणाच्या बाजूने? शेवट सांगत नाही. पण चोरून काढलेल्या एका व्हिडिओपासून सगळं सुरू होतं, हे विसरू नका. कुणी तुम्हाला असं धमकावलं, तर त्याच दिवशी घरी सांगा. तुमची चूक नसते!

मग ‘मदारी’, जुलै २०१६. पूल कोसळून मुलगा गेलेला बाप (पुन्हा इरफान खान) जाब विचारण्यासाठी थेट गृहमंत्र्यांच्या मुलाला पळवून नेतो. सिनेमा येऊन पंधरा दिवसही झाले नव्हते, तोच २ ऑगस्टच्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा पूल वाहून गेला. दोन एसटी गाड्या आणि इतर वाहनं पुरात गेली. आमच्या भागातून जाणारा हाच तो मुंबई-गोवा महामार्ग! दोन्ही पुलांची गोष्ट एक नाही. सिनेमातल्या पुलामागे लाचखोरी आहे. सावित्रीवरचा पूल इंग्रजांच्या काळातला जुना होता आणि नदीला महापूर होता. पण त्या दिवसांत त्या बापाचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. मूल पळवणं हा गुन्हाच. मात्र सिनेमा विचारतो, पहिला गुन्हा कोणता? मूल पळवलं तो, की कुणीतरी पैसे खाऊन कच्च्या कामावर सही केली तो?

कामत उत्तम नटही होते. ‘रॉकी हँडसम’ (२०१६) मध्ये दिग्दर्शन करता करता ते स्वतःच खलनायक झाले! १७ ऑगस्ट २०२० रोजी यकृताच्या आजाराने हैदराबादला त्यांचं निधन झालं. वय अवघं पन्नास.

पालकहो, हे सिनेमे लहान मुलांनी एकट्याने पाहण्याचे नाहीत. त्यांत मारामारी आहे, रक्त आहे. पण मुलं जरा मोठी झाली की शेजारी बसून जरूर पाहा, आणि मध्येच थांबवून बोला.

आणि दोस्तांनो, तुम्ही एक करा. सिनेमात गुन्हा घडला, की गोष्ट मनातल्या मनात उलटी फिरवा. आधी काय झालं? त्याच्या आधी? कुणी ‘जाऊ द्या हो’ म्हटलं होतं? तिथे तुम्ही असता, तर हातात बॅट न घेता काय केलं असतं? बघा बरं, सापडतंय का उत्तर!