टोकियोला जाण्याआधी : लेखांक पहिला

सोमवार

पुण्याहून दोन-तीन वर्षांसाठी टोकियोला निघालेल्या तरुण कुटुंबाची सगळी तयारी नोकरीवर जाणाऱ्या माणसाभोवती फिरते. त्याचा व्हिसा, त्याची रुजू होण्याची तारीख, त्याचं तिकीट आधी. बायको आणि मूल त्यामागोमाग. माझं म्हणणं असं की हा क्रम बदलायला हवा. नोकरीवाल्याला तिथे ऑफिस आणि सहकारी आयते मिळतात, बहुतेक ठिकाणी इंग्रजीवरही भागतं. बाकीच्या दोघांची गाठ जपानी बोलणाऱ्या वॉर्ड कचेरीशी, शाळेशी आणि दवाखान्याशी पडते. ज्याला आधार कमी, त्याच्या गरजेवरून बेत आखावा. कागदपत्रांपासूनच हे पटतं. डिपेंडंट व्हिसासाठी जपानच्या इमिग्रेशनकडून आधी सीओई, म्हणजे पात्रतेचं प्रमाणपत्र मागवतात आणि त्यासाठी विवाहाचा दाखला आणि मुलाचा जन्मदाखला द्यावा लागतो. आपल्याकडे बाळाचं नाव ठरण्याआधीच जन्माची नोंद होते, त्यामुळे कित्येक दाखल्यांवर नावाचा रकाना कोरा राहतो. पहिल्या वर्षात नाव विनाशुल्क चढवता येतं, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून; पण महापालिकेच्या खेपा चुकत नाहीत. आईच्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव आणि मुलाच्या दाखल्यावर सासरचं, हा दुसरा नेहमीचा घोळ. सीओई मिळाल्यावर तीन महिन्यांच्या आत जपानमध्ये दाखल व्हावं लागतं, म्हणून या दुरुस्त्या अर्जाआधीच उरकलेल्या बऱ्या.

मंगळवार

आजचा विषय शाळा. जपानचं शालेय वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं आणि १ एप्रिलपर्यंत सहा वर्षं पूर्ण झालेलं मूल पहिलीत बसतं. परदेशी मुलांना शाळेची सक्ती नाही. पालकांनी मागितल्यास मात्र सरकारी शाळेत प्रवेश मिळतो आणि शिक्षण, पाठ्यपुस्तकं मोफत असतात. यावर कुणी म्हणेल, भारतीय शाळा आहेत की! आहेत. टोकियोच्या एदोगावा वॉर्डातल्या निशी-कासाई परिसरात भारतीय वस्ती मोठी आहे. याच वॉर्डाच्या सभागृहावर २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक हा मराठी माणूस निवडून आला. सातवी-आठवीतल्या मुलाला परत येऊन दहावी गाठायची असेल, तर भारतीय अभ्यासक्रमाची शाळाच योग्य. पण पाच-सहा वर्षांच्या मुलाला फी भरून मराठी-हिंदी-इंग्रजीच्या वर्तुळातच ठेवायचं असेल, तर त्या शहरात राहून त्याला मिळालं काय? मुलं भाषा पटकन उचलतात, हेही खरं. पण ती खेळातली भाषा. शाळेतून दप्तरात येणारी जपानी पत्रकं आईबापांनाच वाचावी लागतात. पहिलीच्या गणिताच्या संचातल्या एकेका बारीक कांडीवरसुद्धा मुलाचं नाव घालायचं असतं, तेही तिथे वाचता येईल अशा लिपीत. हिरागाना या जपानी लिपीची मूळ अक्षरं ४६, काताकाना या दुसऱ्या लिपीची तितकीच. निघण्याआधीच्या काही महिन्यांत दोन्ही पालकांना ती सहज येऊ शकतात, आणि पुण्यात जपानी शिकण्याची सोय जुनी आणि चांगली आहे.

गुरुवार

सोबत जाणाऱ्या जोडीदाराचा, म्हणजे बहुतेक घरांत बायकोचा, प्रश्न सगळ्यात कमी बोलला जातो. डिपेंडंट व्हिसावर आपोआप काम करता येत नाही; वेगळी परवानगी काढावी लागते, आणि तीही आठवड्याला २८ तासांपुरती. त्याहून जास्त काम करायचं तर स्वतःच्या नोकरीवर आधारलेला व्हिसा हवा. पैशांच्या बाबतीतही हीच विषमता दिसते. भारत-जपान सामाजिक सुरक्षा करार १ ऑक्टोबर २०१६ पासून लागू आहे. भारतातल्या कंपनीने पाठवलेला कर्मचारी त्यानुसार पाच वर्षांपर्यंत इथल्या भविष्य निर्वाह निधीतच राहू शकतो, जपानी पेन्शनचा हप्ता त्याला भरावा लागत नाही. त्याची साखळी अखंड राहते. राजीनामा देऊन निघालेल्या बायकोची मात्र तुटते. 'दोन वर्षं तिलाही जरा विश्रांती' असं म्हणणारे प्रेमानेच म्हणतात, पण परत आल्यावर नोकरी शोधताना ती दोन वर्षं तिलाच समजावून सांगावी लागतात. म्हणून राजीनाम्याआधी बिनपगारी रजा किंवा तिथल्या शाखेत बदली मागून पाहणं, शिक्षणाचा पर्याय तपासणं, हीसुद्धा घराची तयारीच आहे.

शनिवार

बॅगा शेवटी भराव्यात, कारण बरंचसं सामान तिथे मिळतं आणि काही नेताच येत नाही. ताजा कढीपत्ता वनस्पती-तपासणीच्या प्रमाणपत्राशिवाय चालत नाही. स्यूडोएफेड्रिनचं प्रमाण दहा टक्क्यांहून जास्त असलेली सर्दीची औषधं जपानमध्ये नेण्यास मनाई आहे. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं साधारणपणे महिनाभराची नेता येतात, जास्त हवी तर आधी परवानगी. लोणच्याच्या बरणीपेक्षा मुलाच्या लसीकरणाच्या कार्डाला जागा आधी, तेही बालरोगतज्ज्ञांकडून इंग्रजीत लिहून घेतलेलं. जपानी मेंदूज्वराची लस तिथे सगळ्या मुलांच्या वेळापत्रकात आहे. आपल्याकडे सरकारी कार्यक्रमात ती ठरावीक जिल्ह्यांतच दिली जाते. कोणते डोस झाले हे कार्डावर स्पष्ट नसेल, तर तिथला डॉक्टर ठरवणार कसं?

रविवार

सगळ्यात मोठा आक्षेप असा की कंपनी सगळं बघते. कंपनी घर शोधून देते, तिकिटं काढते, कधी वॉर्ड कचेरीत माणूसही सोबत देते, कारण राहायला गेल्यापासून १४ दिवसांत तिथे पत्ता नोंदवावा लागतो. ही मदत मोलाची आहे आणि ती जरूर घ्यावी. पण कंपनीचा संबंध कर्मचाऱ्याशी असतो आणि तो कामावर रुजू झाला की तिची जबाबदारी आटोपते. मुलाला ताप आला की दवाखान्यात फोन कोण करणार, शाळेच्या पालकसभेत कोण बसणार, हे तिच्या करारात नसतं. म्हणून निघू पाहणाऱ्यांना विनंती : तिकीट काढण्याआधी दोघांनी बसून, नोकरी नसलेल्या जोडीदाराचा तिथला एक साधा दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत कागदावर मांडा. तो मांडता येत नसेल, तर तयारी अजून व्हायची आहे.