बंद करायचा हक्क कुणाचा?

लोणावळ्यात तुंगार्लीला आमचं घर. जुलैत वाऱ्यानं एखादी फांदी तारांवर आली की वीज गेलीच. इथल्याच धरणांच्या पाण्यावर १९१५ पासून खोपोलीला वीज तयार होते, आणि सुरुवातीला ती मुंबईच्या गिरण्या चालवायची. आम्ही मात्र पावसाळ्यात मेणबत्त्या शोधतो. असो.

घरात कॉम्प्युटर एकच, त्यावर फ्रीबीएसडी ही युनिक्स घराण्यातली कार्यप्रणाली. आईचं, भाच्याचं आणि माझं अशी तीन खाती. वीज जाते तेव्हा मी बहुधा लोकलमध्ये असतो, कामशेत-मळवलीच्या मध्ये. फोनवर आईच्या आवाजामागे यूपीएसचं टीं टीं चालू असतं. बॅटरी जेमतेम दहा मिनिटांची. "अरे, बंद करायची परवानगी नाही म्हणतंय हे!"

युनिक्सच्या हिशेबानं ते बरोबरच. १९७०च्या दशकात एकाच यंत्राला टर्मिनलं जोडून कितीतरी माणसं काम करायची. एकानं ते बंद केलं की सगळ्यांचं काम पाण्यात. म्हणून तो अधिकार रूटकडे, म्हणजे यंत्राच्या सर्वाधिकारी खात्याकडे. पण आमच्या आईच्या हाताशी कॅबिनेटचं बटण आहेच की! नीट बंद करू दिलं नाही, तर ती वेडंवाकडं बंद करणार. ते बटण हलकेच दाबलं तरी यंत्र शिस्तीत बंद होतं, पण घाईत बोट दाबूनच धरलं जातं. चारेक सेकंदांत सगळं ठप्प, आणि पुन्हा सुरू करताना डिस्कची तपासणी.

रूटचा पासवर्ड देणं म्हणजे दिवा मालवायला घराचा सातबारा हाती देणं. फ्रीबीएसडीत एक सोपी वाट आहे: शटडाउनची फाइल रूटच्या मालकीची, पण 'ऑपरेटर' गटाला ती चालवता येते. त्या गटात नावं घातली की झालं. फक्त डिस्कसुद्धा त्याच गटाला थेट वाचता येते, कारण बॅकअप घेणं हे पूर्वीपासून ऑपरेटरचं काम. म्हणजे फाइलींवर कितीही कुलपं लावा, भाच्याला सगळ्यांचं सगळं वाचता आलं असतं. तो पंधरा वर्षांचा आहे आणि त्याला हे जमेल.

म्हणून सूडो बसवलं, म्हणजे ठरावीक आज्ञाच रूटच्या अधिकारानं चालवू देणारा प्रोग्राम. 'घर' नावाचा गट केला आणि त्याला पासवर्डाशिवाय एकच आज्ञा दिली, तीही पर्यायांसकट: शटडाउन, वजा पी, नाऊ. यात एक अक्षर बदललं तरी सूडो पासवर्ड मागतं आणि वर नकार देतं. पडद्यावर लाल चिन्ह ठेवलं, खाली 'बंद करा'.

पुढच्याच पावसात आईनं ते दाबलं. भाच्याचा शाळेचा प्रकल्प त्याच्या खात्यात उघडा होता, सेव्ह केलेला नव्हता. आजी-नातवाची चांगलीच जुंपली. आता ते चिन्ह आधी विचारतं, 'आणखी कुणाचं काम उघडं आहे का?' आई त्याला न वाचताच 'नाही' म्हणते. भाच्याला रीस्टार्टचीही परवानगी हवी आहे. ती मी देणार नाही. बॅटरी संपत आलेली असताना रीस्टार्ट केलं, तर यंत्र सुरू होता होताच बंद पडायचं.