दोरी अजून मागेच आहे

निवृत्त माणसाला एखादा छंद असावा, असे सर्वच सांगतात. परंतु तो कोणता असावा, हे मात्र कोणी सांगत नाही. त्यामुळे गेल्या नाताळापासून आम्ही अकोल्यातील आमच्या वसाहतीमागच्या मोकळ्या मैदानावर रोज सकाळी मासे धरण्याची काठी घेऊन दोरी फेकत उभे असतो, याचे कोणास हसू आले तर आम्हांस त्याचा राग येत नाही. मैदानावर पाणी नाही. दोरीच्या टोकाला गळ नाही. पहिल्याच दिवशी आमच्या ओळखीच्या गवळीदादाने मोटारसायकल थांबवून विचारले, "काय करून राह्यले सर? पाणी नाही, मासा नाही, अन् नुसती दोरी फेकून राह्यले!"

त्याला काय उत्तर द्यावे, ते त्या दिवशी आम्हांस सुचले नाही. आज थोडेसे सुचते आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

ही काठी आमच्या चिरंजीवांनी आणली. ते अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोजवळ नोकरीस असतात. तेथील गोल्डन गेट पार्क या विस्तीर्ण उद्यानात १९३८ साली बांधलेली काही उथळ तळी आहेत. त्या तळ्यांत मासे धरायचे नसतात. त्यांच्या काठी उभे राहून केवळ दोरी फेकण्याचा सराव करायचा असतो. या विद्येस 'फ्लाय कास्टिंग' म्हणतात आणि तिच्या स्पर्धा भरतात. तिचा आंतरराष्ट्रीय महासंघ १९५५ सालापासून आहे. पाण्यावर साधारण तीस इंच व्यासाची कडी तरंगत ठेवतात. स्पर्धकाने पिसांची आणि दोऱ्याची बनविलेली, गळाचे टोक छाटलेली खोटी माशी त्या कड्यात अलगद उतरवायची. अमेरिकी पद्धतीत आरंभी शंभर गुण गृहीत धरतात आणि माशी कड्याबाहेर जितके फूट पडेल, तितके गुण वजा होतात. आम्ही चाळीस वर्षे गणित शिकविले. उणे गुणांची ही पद्धत आम्हांस एकदम आपली वाटली!

"यात अवघड ते काय?" असे आम्ही म्हणालो. चिरंजीव काही बोलले नाहीत. त्यांनी काठी आमच्या हाती दिली.

आमच्या लहानपणी वऱ्हाडात ज्वारीचा पेरा मोठा असे. हुरड्याच्या दिवसांत माळ्यावर उभे राहून आम्ही गोफणीने पाखरे उडवीत असू. गोफणीत दगडाला वजन असते आणि दोरी त्याच्या मागे येते. सामान्य गळाचेही तसेच. टोकाला शिसे बांधले की ते दोरीला ओढीत नेते. येथे मात्र सारा उलटा कारभार आहे. माशीला वजन म्हणून नाहीच. वजन आहे ते दोरीला. ती जाडसर दोरी हवेत मागे उलगडते, तिच्या ओढीने काठी धनुष्यासारखी वाकते आणि मग हात पुढे नेऊन झटकन थांबविला की काठी सरळ होते व दोरीला पुढे भिरकावते. काठीचे टोक सरळ रेषेत गेले, तर दोरीचा वळसा अरुंद होऊन वारा कापीत जातो. मनगट ढिले पडून टोक खाली झुकले, तर वळसा रुंद होतो आणि दोरी दमल्यासारखी वाटेतच खाली येते. म्हणजे या खेळात हात चालविण्यापेक्षा हात थांबविण्याला अधिक महत्त्व आहे.

आमची पहिली फेक झाली तेव्हा मागे 'फाट्' असा आवाज आला. शंकरपटात आसूड कडाडावा तसा! आम्हांस वाटले, जोर साधला. चिरंजीव शांतपणे म्हणाले, "बाबा, थांबा. दोरी अजून मागेच आहे."

दोरी मागे पूर्ण उलगडण्याआधीच आम्ही हात पुढे नेला होता. अशा घाईत आसुडासारखा आवाज तेवढा होतो आणि टोकाची माशी तुटून जाते. उलट, फार वेळ थांबले तर दोरी जमिनीवर पडते. या दोहोंच्या मधला एक लहानसा क्षण आहे, आणि दोरी जितकी लांब, तितका तो क्षण मोठा. तो मोजण्याचे सूत्र नाही. म्हणून शिकाऊ माणसाला सांगतात की पुढच्या कड्याकडे बघू नकोस. मान वळवून आपल्या मागे काय चालले आहे, ते आधी पाहा.

चिरंजीवांनी आम्हांस जोन वुल्फ या बाईंची हकिकत सांगितली. त्यांचा जन्म १९२६ सालचा, न्यू जर्सीमधला. वडील त्यांच्या भावाला ही विद्या शिकवीत. मुलीने एकदा हट्टाने काठी घेतली, तर काठीचे टोकच निसटून तळ्यात बुडाले. शेजाऱ्याने ते दाताळ्याने शोधून काढले, तेव्हा मुलीच्या जिवात जीव आला. पुढे याच बाईंनी १९५१ साली लांब फेकीच्या एका स्पर्धेत सगळ्या पुरुष स्पर्धकांना मागे टाकले आणि १९६० साली त्यांची फेक १६१ फुटांवर गेली. त्या नृत्यही शिकवीत असत. अंगात ताल असलेल्या माणसाला ही कला लवकर साधते, हे त्यातून आमच्या ध्यानी आले. चर्चच्या गायनमंडळात आम्ही नेहमी एक मात्रा आधी सुरुवात करतो, याची आठवण आमच्या सौभाग्यवतींनी त्याच वेळी करून दिली.

मग रोजचा सराव सुरू झाला. मोर्णा नदी गावातूनच वाहते. पण जलपर्णीने ती वारंवार भरते. २०१८ सालच्या जानेवारीत हजारो अकोलेकरांनी पात्रात उतरून ती उपसली होती, त्यात आम्हीही होतो. तरीही नदीवर जाण्यापेक्षा मैदान बरे वाटले. जुन्या सायकलीचे अठ्ठावीस इंची टायर कड्याच्या मापाला जवळचे, म्हणून पंक्चरवाल्याकडून पाच टायर आणून वेगवेगळ्या अंतरांवर मांडले. पहिल्या दिवशी आमचे गुण इतके वजा झाले, की एखाद्या विद्यार्थ्याला तेवढे मिळाले असते तर आम्ही पालकांना बोलावून घेतले असते!

आणि त्या टायरांमध्ये उभे असताना एक जुनी गोष्ट मनात वर आली. चिरंजीव बारावी झाले त्या उन्हाळ्यात एका रात्री आमच्याजवळ येऊन म्हणाले होते, "बाबा, इंजिनीअरिंगबद्दल मला एक सांगायचं आहे." आम्ही उत्तरपत्रिका तपासत होतो. मान वर न करता आम्ही म्हणालो, "ते ठरले आहे. त्यात सांगण्यासारखे काही नाही." वर्गात प्रश्न विचारून दोन सेकंदांत उत्तर मागण्याची आमची ख्याती होती. मुलगा उठून गेला. तो इंजिनीअर झाला, परदेशी गेला, दर रविवारी न चुकता फोन करीत राहिला. जेवण, प्रकृती, हवामान. त्यापलीकडे आमच्यात कधी काही बोलणे झाले नाही. त्याची दोरी मागे उलगडत होती आणि आम्ही आसूड कडाडून मोकळे झालो होतो.

आपल्या सुवार्तेत जाळ्यांचे उल्लेख अनेक आहेत. नव्या करारात गळाचा उल्लेख मात्र एकदाच येतो. मत्तयच्या सतराव्या अध्यायात मंदिराच्या कराची गोष्ट आहे, तेथे प्रभू पेत्राला गळ टाकायला सांगतो आणि पहिल्याच माशाच्या तोंडात दोघांच्या करापुरते नाणे सापडते. जाळे टाकण्यात हयात गेलेल्या पेत्राला गळ घेऊन एकट्या माशासाठी बसणे कसे वाटले असेल, हा विचार पूर्वी आम्हांस कधी शिवला नव्हता. जाळे पुष्कळांसाठी असते, गळ एकासाठी. आम्ही चाळीस वर्षे साठ-साठ मुलांवर जाळे टाकले आणि घरच्या एका मुलावरही तेच टाकले.

चिरंजीवांच्या सुट्टीतील शेवटची संध्याकाळ होती. ते दोरी रिळावर गुंडाळीत होते. आम्ही विचारले, "त्या रात्री तुला काय सांगायचे होते?"

त्यांचे हात थांबले. ते काही बोलेनात. एरवी आम्ही त्या जागी तीन संभाव्य उत्तरे पुरवून एकाची निवड करायला सांगितले असते. जीभ अगदी टोकाला आली होती. पण आम्ही गप्प राहिलो. भुसावळकडे जाणारी एक मालगाडी निघून गेली. तिचे डबे मोजता मोजता आम्ही थांबलो.

मग ते म्हणाले, "मला इंजिनीअरिंग नको, असं म्हणायचंच नव्हतं बाबा. मला भीती वाटते, एवढंच सांगायचं होतं."

इतकी वर्षे आम्ही धरून चाललो होतो, की मुलाने नकार द्यायचे ठरविले होते आणि आम्ही तो वेळीच मोडून त्याचे कल्याण केले. न ऐकलेले गणित आम्ही सोडविले होते आणि ते चुकले होते. आम्ही त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यावर काय बोलावे, ते सुचले नाही आणि त्यानेही घाई केली नाही. अंधार पडल्यावर दोघे मिळून टायर उचलून घरी आलो.

काठी ते इथेच ठेवून गेले. आमची फेक अजून बेताचीच आहे. पाचांपैकी दोन टायर साधले तरी दिवस चांगला गेला, असे आम्ही मानतो. रविवारचे फोन आता लांबतात. मध्येच पलीकडे शांतता पसरते, तेव्हा पूर्वी आम्ही "बरे तर, ठेवतो" म्हणत असू. आता नुसता कानाला फोन धरून बसतो.

गवळीदादाने परवा पुन्हा विचारले, "सर, मासा भेटला का नाही?"

आम्ही म्हणालो, "एक भेटला. थोडा उशीर झाला, पण भेटला."