पहिला पाट कोणाचा?

ब्राउझरच्या पोटात एक लहानशी यादी असते. मालकाला कोणत्या भाषा चालतात, आणि त्यांत पहिली पसंती कोणाला, हे तीत क्रमानं नोंदलेलं असतं. शब्दकोशाचं एखादं एक्स्टेन्शन ब्राउझरला जोडलं, की मालकाशी कोणत्या भाषेत बोलावं हे ते ही यादी वाचून ठरवू शकतं.

आमच्या घरी पाहिलं, तर पंगतीला इंग्रजी एकटीच! सकाळच्या चहापासून रात्रीच्या भांडणापर्यंत घरात सगळं मराठी. यंत्राच्या दप्तरी मात्र आम्ही साहेब!

इंग्रजीला उठवायचं कारण नाही. सेटिंगमध्ये मराठी घालावी आणि वर सरकवावी, झालं. मराठीची तिथली खूण म्हणजे 'एम' आणि 'आर' ही दोन अक्षरं. इंग्रजी पत्रावर गृहस्थाच्या नावाआधी लावतात तीच! हा मान सोडायचा कशाला?

तुम्ही म्हणाल, एक्स्टेन्शनकडे मराठी मजकूरच नसला तर? तर ते यादीतल्या पुढच्या भाषेकडे वळू शकेल. पण इथे मराठी मागणारं कोणी आहे, एवढं तरी त्याला दिसेल. २७ फेब्रुवारीला आपण मराठीचा गौरव करतो. तो एक दिवस. ही यादी आपल्या वतीनं रोज बोलत असते.