परतीचा पत्ता

महाभारताची रचना शिकवताना फळ्यावर एकात एक चौकोन काढून दाखवण्याचा प्रघात आहे. नैमिषारण्यात सौती शौनकादी ऋषींना कथा सांगतो. ती कथा वैशंपायनाने जनमेजयाच्या सर्पसत्रात सांगितलेली असते. तिच्या पोटात संजय धृतराष्ट्राला युद्धाचा वृत्तान्त सांगतो. आणि त्या वृत्तान्तात कृष्ण अर्जुनाशी बोलत असतो. गीतेचा एखादा श्लोक आपल्या कानी पडतो तेव्हा वस्तुतः चार निवेदक एकाच वेळी उभे असतात. सर्वांत आतला बोलत असतो आणि बाहेरचे तिघे त्याचे बोलणे संपण्याची वाट पाहत असतात. समीक्षेत या चौकोनांना आपण कथाचौकट म्हणतो. ज्या व्यवसायावर आमचे पोट चालले त्यातही अशाच चौकटी असतात आणि त्यांना 'फ्रेम' असेच म्हणतात. त्या चौकटी उलट्या क्रमाने कशा वाचल्या जातात, हे साहित्याच्या अभ्यासकांपुढे मांडावे असे बरेच दिवस मनात होते.

मुंबईच्या उपनगरांत हा व्यवसाय रुजला तो अंधेरी-पवईच्या पट्ट्यात. अंधेरी पूर्वेला १९७३ साली इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या निर्यातीसाठी एक क्षेत्र उभे राहिले. 'सीप्झ' या नावाने ते सर्वांना परिचित आहे. जुहूला १९८५ पासून एन.सी.एस.टी. ही सॉफ्टवेअर संशोधनाची संस्था होती, जी पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली. पवईच्या आय.आय.टी.त प्रा. उदय खेडकर यांनी जीसीसी या कंपायलरच्या अंतरंगाचे अध्यापन अनेक वर्षे केले. वर्सोवा-घाटकोपर मेट्रो २०१४ साली सुरू झाली. त्यापूर्वी आमच्यासारखे मुलुंड-घाटकोपरकडचे लोक असल्फा, साकीनाका, मरोळ अशी मजल दरमजल करीत बसने अंधेरी गाठत. सांगावयाची हकीकत त्या काळातली आहे. पण आधी यंत्राचे थोडे ऐकून घ्यावे लागेल.

प्रोग्राम म्हणजे एकमेकांना कामे सांगणाऱ्या फंक्शनांचा समूह. एका फंक्शनाने दुसऱ्याला हाक मारली की पहिले जागच्या जागी थांबते. दुसऱ्याचे काम आटोपल्यावर नेमके कोठे परतायचे, हे कोठेतरी लिहून ठेवणे भाग असते. ही नोंद स्मृतीतल्या 'स्टॅक' नावाच्या भागात होते. स्टॅक म्हणजे चळत. घरी ताटांची असते तशी. शेवटी ठेवलेले ताट प्रथम उचलायचे. दर हाकेला चळतीवर एक फ्रेम चढते. तिच्यात त्या फंक्शनाची तात्पुरती चिजवस्तू असते, परतीचा पत्ता असतो, आणि बहुधा आधीची फ्रेम कोठे आहे हे सांगणारा एक दुवाही असतो.

या कल्पनेची जुनी नावे आम्हांला फार आवडतात. ॲलन ट्युरिंग यांनी १९४५ साली लिहिलेल्या आपल्या संगणकाच्या आराखड्यात पत्ता ठेवण्याच्या क्रियेला 'पुरणे' आणि काढण्याच्या क्रियेला 'उकरणे' अशा अर्थाचे शब्द योजले होते. १९५७ मध्ये बाउअर आणि सामेलझोन या जर्मन संशोधकांनी याच तत्त्वासाठी पेटंटचा अर्ज केला तेव्हा त्यांनी त्याला 'तळघर' म्हटले. पुरणे, उकरणे, तळघर ही शब्दसंपदा उत्खननाची आहे, आणि डीबगर जे करतो तेही उत्खननच आहे.

प्रोग्राम कोसळला की त्या क्षणीची स्मृती जशीच्या तशी गोठवून ठेवता येते. डीबगर तिच्यापुढे बसतो. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ साली लिहिलेला जीडीबी हा त्यांतला सर्वपरिचित. त्याला प्रथम एवढेच ठाऊक असते की, यंत्र या क्षणी अमुक सूचनेवर उभे आहे. तेथून तो फ्रेमचा दुवा धरतो. दुव्याच्या टोकाशी आधीच्या फ्रेमचा दुवा सापडतो, त्याला लागून परतीचा पत्ता. त्या पत्त्यावरून हाक कोणी मारली ते कळते. मग पुढचा दुवा, पुढचा पत्ता, असे करीत तो जेथून सारे सुरू झाले तेथवर पोहोचतो. यालाच चळत उलगडणे म्हणतात. विशेष हे की, या उलगडण्यात मूळ वस्तूला धक्का लागत नाही. डीबगर प्रत्येक पायरीला रजिस्टरांची जुनी मूल्ये केवळ कागदोपत्री पूर्ववत करतो आणि 'हे फंक्शन थांबले तेव्हा त्याला जग असे दिसत होते' एवढे दाखवतो.

एक बारकावा येथे सांगितला पाहिजे. परतीचा पत्ता हाकेच्या पुढच्या सूचनेचा असतो. हाक कोठून आली ते हवे असेल तर डीबगर त्या पत्त्यातून एक वजा करतो आणि मग ती ओळ शोधतो. म्हणजे चळतीवर भूतकाळ लिहिलेलाच नसतो. पुढे कोठे जायचे हेच लिहिलेले असते. भविष्यासाठी केलेल्या नोंदींतून भूतकाळ अनुमानाने काढावा लागतो. ज्यांनी जुन्या हस्तलिखितांचे पाठ लावले आहेत त्यांना ही अवस्था अपरिचित वाटू नये.

आता ती हकीकत. २००४ च्या सुमारास अंधेरीतल्या एका कंपनीत आमच्या गटात बोरिवलीहून येणारी एक मुलगी नव्याने लागली होती. तिचा परिवीक्षेचा काळ संपत आला होता. रात्री चालणारा एक प्रोग्राम आठवड्यातून दोनतीनदा कोसळू लागला आणि दर वेळी चळतीच्या माथ्यावर तिनेच लिहिलेले फंक्शन दिसे. वरिष्ठांनी पहिली ओळ वाचली, नाव पाहिले, आणि तिच्या अहवालात शेरा लिहिला. परिवीक्षा तीन महिन्यांनी वाढवावी, असे ठरले. ती काही बोलली नाही. संध्याकाळी सहा पाचची लोकल सोडून ती रोज नऊपर्यंत स्वतःच्याच चाळीस ओळी पुनःपुन्हा वाचत बसू लागली.

त्या चाळीस ओळी आम्हीही वाचल्या. त्यांत दोष नव्हता. मग गोठवलेली स्मृती उघडून आम्ही एकेक फ्रेम उलगडत गेलो. सात फ्रेमी होत्या आणि सातही निर्दोष दिसत होत्या. चमत्कारिक होता तो तिच्या फंक्शनाच्या हाती आलेला एक पत्ता. ते चार बाइट कोणत्याच ठिकाणाचे नव्हते. अक्षरे म्हणून वाचले तर ती रोमन लिपीतल्या एका आडनावाची शेवटची चार अक्षरे होती. पुढच्या खेपेस आम्ही स्मृतीतल्या त्याच जागेवर पहारा बसवून प्रोग्राम चालवला. कोणीतरी तेथे लिहिताक्षणी डीबगर थांबला आणि निराळीच चळत समोर आली. ग्राहकाचे नाव उतरवून घेणारे ते एक जुने फंक्शन होते. त्याने नावासाठी बत्तीस अक्षरांची जागा धरली होती. स्वतःचे, वडिलांचे आणि आडनाव असे मराठी रीतीचे छत्तीस अक्षरांचे नाव आले की उरलेली चार अक्षरे शेजारच्या पत्त्यावर सांडत. आपले काम करून ते फंक्शन केव्हाच परतलेले असे. परतलेल्याची फ्रेम चळतीवर राहत नाही. म्हणून प्रोग्राम कोसळण्याच्या वेळी ज्याने घात केला त्याचे नाव कोठेच नसे. ज्याच्या हातात ती वस्तू फुटली त्याचेच तेवढे असे.

दुरुस्ती अर्ध्या दिवसात झाली. मुलगी कायम झाली, तीन महिने उशिरानेच. शेरा मात्र अहवालात तसाच राहिला, कारण एकदा लिहिलेला शेरा काढण्याची तरतूद त्या कचेरीत नव्हती. पुढे ती दुसरीकडे गेली आणि तेथे गटप्रमुख झाली. नवागतांना ती पहिल्या दिवशी सांगत असे की, चळत वाचून झाल्यावर 'यात कोण नाही' हे स्वतःला विचारा.

कोण नाही, हा प्रश्न यंत्राच्या दृष्टीनेही खोटा नाही. कंपायलर वेगासाठी पुष्कळ चौकटी स्वतःच पुसतो. एखादे लहान फंक्शन तो हाक मारणाऱ्याच्या अंगातच विरघळवतो. एखाद्या फंक्शनाचे शेवटचे काम दुसऱ्याला हाक मारणे एवढेच असेल तर तो पहिल्याची फ्रेम काढून टाकतो आणि दुसरे फंक्शन परस्पर मूळ मालकाकडे परतते. मधला सांगणारा गळतो. फ्रेमांना जोडणारा दुवाही दीर्घकाळ गाळला जात असे, कारण त्यापायी एक रजिस्टर अडकून पडते. दुवा नसेल तर डीबगर 'ड्वार्फ' नावाच्या तक्त्यांकडे वळतो. कोणत्या सूचनेवर असताना आधीची फ्रेम कोठे सापडेल, याचे नियम कंपायलरनेच त्यांत लिहून ठेवलेले असतात. मूळ संहितेसोबत टीका असावी तसे. अलीकडे वारे फिरले आहे. फेडोराने २०२३ साली आणि उबुंटूने २०२४ साली आपल्या वितरणांत हे दुवे पुन्हा ठेवण्यास सुरुवात केली. वेग किंचित घटला तरी चालेल, पण कोणी कोणास हाक मारली हे चटकन वाचता आले पाहिजे, अशी ती भूमिका आहे. वाचनीयतेसाठी यंत्राने मोजलेली ही किंमत साहित्याच्या माणसांनी ध्यानात घ्यावी.

आणि तरीही काही चौकटी परत मिळत नाहीत. गीता कृष्णाच्या शब्दांवर संपत नाही; अखेरचे श्लोक संजयाचे आहेत, कारण आतली फ्रेम मिटली की बोलणे बाहेरच्याकडे यावेच लागते. पुढे आश्वमेधिक पर्वात अर्जुन म्हणतो, तेव्हा सांगितलेले मी विसरलो, पुन्हा सांग. कृष्ण त्याला बोल लावतो आणि ते सारे तसेच्या तसे पुन्हा सांगणे आपल्यालाही शक्य नाही असे कबूल करतो. मग तो अनुगीता सांगतो, जी निराळी आहे. ज्याने उच्चारले त्यालाही मिटलेली चौकट उघडता येत नाही. आपल्या हाती गीता आहे ती कृष्ण-अर्जुनांच्या स्मरणातून आलेली नाही. बाहेर उभा राहून ऐकणारा संजय आपल्या फ्रेमीत ती घेऊन थांबला होता आणि त्याला धृतराष्ट्राकडे परतायचे होते, म्हणून ती उरली. निवेदकांचा अभ्यास करणाऱ्यांनी 'कोण बोलतो' याच्या जोडीला 'बोलून झाल्यावर त्याला कोणाकडे परतायचे आहे' हेही विचारून पाहावे, अशी आमची सूचना आहे.